जठराचा कर्करोग : जनुके आणि अंतर

परभणीतून १९९९ साली वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. पुढील वर्षाच्या आरंभी दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. जठराच्या कर्करोगापुरता तरी तो फार निकटचा आहे.

एकाच वयाच्या आणि रोगाच्या एकाच अवस्थेतील दोन रुग्णांपैकी एक काही महिन्यांत दगावतो व दुसरा वर्षानुवर्षे जगतो, हे वैद्यकाला पडलेले जुने कोडे आहे. त्याचा काही उलगडा आता जनुकांतून होऊ लागला आहे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या का येतो, याचे कारण १९९८ मध्ये एका सदोष जनुकात सापडले. मात्र असा आनुवंशिक रोग विरळाच. बहुतेकांच्या बाबतीत ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूचा दीर्घ संसर्ग, तंबाखू व अतिखारट अन्न यांचा वाटा मोठा असतो, आणि जनुकीय बदल घडतात ते गाठीच्या पेशींत. ज्या गाठींत जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणाच बिघडलेली असते, ते रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तुलनेने अधिक जगतात, असे आढळले आहे. सुमारे पाचांतील एका गाठीत ‘हर-२’ हे प्रथिन वाजवीपेक्षा अधिक असते. अशा गाठींचा रोग बळावलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर ट्रास्टुझुमॅब हे औषध दिल्यास सरासरी आयुर्मर्यादा ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर जाते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

हा लाभ पावणेतीन महिन्यांचा आहे. याच्याशेजारी दुसरा हिशेब मांडून पाहावा. अमेरिकेत रोग जठरापुरता असतानाच निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पाच वर्षे जगतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर एक-दशांशही जगत नाहीत. वसमत वा सेनगावकडचा हळदीच्या शेतात राबणारा मजूर पोटातील जळजळ पित्ताची समजून महिनोन्‌महिने गोळ्यांवर काढतो, तेव्हा त्याच्या हातून निसटतात ती ही वर्षे होत. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय हिंगोलीहून सुमारे दोनशे किलोमीटर, तर मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय पाचशेहून अधिक. जनआरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयाचे देयक भागवील. बुडालेली मजुरी आणि सोबत्याचा खर्च मात्र घरावरच पडतो.

गरीब जिल्ह्याला जनुकांच्या तपासण्या ही चैन आहे, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः उलट आहे. कोणते औषध लागू पडणार नाही, हे आधी कळणे ही काटकसरच होय. शिवाय ‘हर-२’ची तपासणी करण्यासाठी रुग्णाने मुंबई गाठण्याचे कारण नाही; दुर्बिणीने काढलेला जठराचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात सुरक्षित राहतो व प्रयोगशाळेपर्यंत प्रवास करू शकतो. त्यासाठी जिल्ह्यातच दुर्बिणीची तपासणी, तुकडा पाठविण्याची व्यवस्था आणि रुग्णांची चोख नोंद हवी.

असे घडू शकते, याचा दाखला दूरचा नाही. बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावू लागले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. रोग निराळा असला तरी धडा तोच आहे.

आणखी एक गोष्ट. जठराच्या गाठींविषयीचे ज्ञान प्रामुख्याने पूर्व आशिया, युरोप व अमेरिकेतील रुग्णांवरून आलेले आहे. हिंगोलीचा रुग्ण नोंदीत येणारच नसेल, तर त्याच्या आयुष्याचे भाकीत परक्यांच्या आकड्यांवरून होत राहील. नव्या महाविद्यालयाने पहिल्या दशकात एवढे एक काम अंगावर घेतले, तरी त्याच्या स्थापनेचे सार्थक होईल. जनुके कोणाला बदलता येत नाहीत. अंतर कमी करणे मात्र शासनाच्या हाती आहे.