खिडकी झाकून लावलेले जंगल

गेल्या दोन महिन्यांत हॉस्पिटलची कामे करणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी एकाच तक्रारीची आहेत. वॉर्ड हँडओव्हर होतो आणि आठ दिवसांत इन्फेक्शन कंट्रोल समितीचे तोंडी फर्मान येते : कुंड्या हलवा. कुंड्या जातात, त्यांच्या जागी खरेदी विभाग प्लास्टिकची झाडे आणून ठेवतो. ती कधी आणि कशाने पुसायची, याची नोंद हाउसकीपिंगच्या तक्त्यात नसते. एका वाचकाने अशा झाडाचा फोटो पाठवला आहे. पानाच्या शिरांत साचलेली धूळ त्यात स्पष्ट दिसते. कोणीतरी बोट फिरवले तेवढाच पट्टा हिरवा आहे.

मातीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या खोलीत कुंडी नको, यावर वादच नाही. पण तोच नियम ओपीडीच्या व्हरांड्याला आणि फिजिओथेरपीच्या दालनाला लावायचा, कारण विचारले तर लेखी उत्तर द्यायचे नाही, आणि धूळ धरणारी प्लास्टिकची पाने मात्र चालवून घ्यायची, हे कोणत्या शास्त्रात बसते?

नियम जिथे सर्वांत कडक, तिथे काय करता येते हे डब्लिनच्या सेंट जेम्स हॉस्पिटलने दाखवले. स्टेम सेल ट्रान्सप्लांटचे रुग्ण तिथे आठवडेच्या आठवडे विलगीकरणात असतात. फूल नाही, पान नाही. कलाकार डेनिस रोश आणि ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी या खोल्यांच्या भिंतीवर ‘ओपन विंडो’ नावाची आभासी खिडकी उघडली. प्रोजेक्टरवरून निसर्गदृश्ये आणि कलाकृती दिसत. रुग्णाच्या जिव्हाळ्याच्या जागेची दृश्येही तिथे आणता येत. हे लोक उद्घाटनाची फीत कापून थांबले नाहीत. त्यांनी रीतसर यादृच्छिक चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष 2013 मध्ये ‘सायको-ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आले. आभासी खिडकी मिळालेल्या रुग्णांत चिंता कमी आढळली. आपल्याकडे वॉर्ड सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी रुग्णाला प्रश्न विचारायला किती डिझायनर परत जातात?

‘आयर्लंडकडे पैसा आहे’ हे ट्रस्टींचे ठरलेले उत्तर. डब्लिनच्या नव्या राष्ट्रीय बाल रुग्णालयाच्या आराखड्यात 380 एकल खोल्या आणि 14 बागा व अंगणे आहेत, हे खरे. 2017 मध्ये सुमारे 98 कोटी युरोंना मंजूर झालेला तो प्रकल्प 2024 मध्ये 224 कोटींवर गेला आणि देशभर टीकेचा विषय झाला, हेही खरे. पण त्याच देशात आयरिश हॉस्पिस फाउंडेशन आणि तिथली आरोग्यसेवा यांनी 2010 पासून ‘डिझाइन अँड डिग्निटी’ हा उपक्रम चालवला आहे. त्यातली कामे लहान आहेत : शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांसाठी एखादी खोली, शवागाराशेजारचे बसायचे दालन, बाळ गमावलेल्या आईबापांसाठी निवांत जागा. जुन्या सरकारी हॉस्पिटलात पडून असलेली खोली असे काम करायला पुरते. ट्रस्टींपुढे अशा खोल्यांचे फोटो ठेवा.

आता दोष आपल्याच मंडळींचा. खिडकीतल्या दृश्याचा रुग्णाच्या बरे होण्यावरचा परिणाम तपासणारा उलरिच यांचा 1984 चा लेख प्रत्येकाच्या प्रेझेंटेशनमध्ये असतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे 46 रुग्ण, 23 जोड्या. एका गटाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. तुलना दोन खिडक्यांची होती. आपण मात्र खिडकीसमोर एसीचे आउटडोअर युनिट बसवू देतो, काचेला फ्रॉस्टेड फिल्म लावतो आणि उशामागच्या भिंतीवर जंगलाचे व्हायनल चिकटवतो. ते जंगल भेटायला आलेल्यांना दिसते, फोटोग्राफरला दिसते. रुग्णाला दिसते ती फॉल्स सीलिंगची टाइल आणि एसीची जाळी.

फिनिशिंगच्या टप्प्यावर हे दुरुस्त होत नाही. सिल लेव्हल ठरते तेव्हा, एमईपी सल्लागार युनिटच्या जागा मांडतो तेव्हा, त्या बैठकीत डिझायनर हजर हवा. बोलावले नाही तर आग्रहाने जाऊन बसावे. बेड तीस अंशांत उचललेला असताना रुग्णाची नजर कुठे पोहोचते, ती रेषा सेक्शनमध्ये काढून सह्या घ्याव्यात. सही झालेली रेषा पुढे कोणाला सहज पुसता येत नाही.

वाचकांना विनंती आहे. कुंड्या हलवण्याचा आदेश तोंडी आला, तर तो कोणत्या विभागासाठी आणि कोणत्या कारणाने, हे लेखी मागा. उत्तर आले की मासिकाकडे पाठवा. चालू कामातला एक सेक्शन, उशीपासून खिडकीपर्यंतची नजरेची रेषा काढलेला, पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत हवा आहे. हॉस्पिटलचे नाव खोडून पाठवलात तरी चालेल. आलेले सगळे सेक्शन पुढच्या अंकात शेजारीशेजारी छापले जातील.