टपाल कोण निवडतं?



या पानावर आपण हिंसेविषयी बोलतो, कायद्याविषयी, रेशन आणि पाण्याविषयी बोलतो. या वेळी एका कंटाळवाण्या कामाविषयी लिहायचे आहे. आपल्या गटांच्या ई-मेलच्या पेटीत साचलेला ढीग कोण निवडते आणि कसा निवडते, हा विषय. बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो कधी येत नाही. आला तर ‘इतर विषय’ या सदरात, चहा झाल्यावर.

वरंध खोऱ्यात काम करणाऱ्या एका लहान गटाची गोष्ट सांगते. बिरवाडीकडे एका कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या बाईने या गटाला ई-मेल केला होता. मुलाच्या फोनवरून, रोमन अक्षरांत मराठी, विषयाची ओळ रिकामी. सुपरवायझरचा त्रास आहे, कुणाशी बोलावे, एवढाच चार ओळींचा मजकूर. तो कार्यकर्तीच्या नजरेस पडला तेव्हा अडीच महिने उलटून गेले होते. त्याच्या वर आणि खाली काय होते? निरनिराळ्या नेटवर्कची चर्चापत्रे, देणगीदार संस्थांची वार्तापत्रे, प्रशिक्षणांची आमंत्रणे, सरकारी योजनांची परिपत्रके, आणि एकाच निवेदनावर सही मागणारी सात पत्रे. पत्र कुणी दडवले नव्हते, कुणी दुर्लक्षही केले नव्हते. ते फक्त दिसले नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करायची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते तिच्या हाती. शिवाय आपल्या गटाला आलेले पत्र म्हणजे समितीकडे गेलेली तक्रार नव्हे. आपल्या पेटीत पत्र पडून असते तेव्हा त्या बाईच्या मुदतीतले दिवस सरत असतात. ‘मी कळवलंय’ म्हणून ती वाट बघत बसते. या बाईची तक्रार उरलेल्या दोन आठवड्यांत कशीबशी लिहून, दाखल झाली. मधल्या काळात दोन साक्षीदार काम सोडून गेल्या होत्या.

हे सांगितले की बैठकीत लगेच कुणीतरी म्हणते, मग या याद्यांमधून नावच काढून टाकू या. मला ते पटत नाही. आपली चळवळ अशा फिरत्या पत्रांवरच उभी राहिली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र हातोहात, टपालाने गावोगाव फिरले. त्यातून १९८० मध्ये मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या काळी कुणी ‘फार कागद येतात’ म्हणून ते पत्र न उघडता टोपलीत टाकले असते तर? म्हणून याद्या हव्यातच. त्यांची जागा मात्र वेगळी हवी.

टपालखात्याला हा प्रश्न फार आधी पडला होता. आपल्याच भागात पाहा. वरंधजवळ कसबे शिवथर आहे, आंबे शिवथर आहे आणि कुंभे शिवथरही आहे. पाकिटावर नुसते ‘शिवथर’ लिहिले तर पोस्टमनने कुठे जायचे? देशभर हीच अडचण होती: सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्या, चुकीचे पत्ते. त्यावर टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोड आणला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. (हे गृहस्थ संस्कृतात कविता आणि नाटके लिहीत. कारकुनी डोके आणि कवीचे डोके वेगळे असते असे म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यापर्यंत आले की वर्गवारीचा जिल्हा कळतो, उरलेले तीन अंक वाटपाच्या पोस्टाचे. महाडचा ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. पत्र निवडणाऱ्याला आतला मजकूर वाचावा लागत नाही, पाकिटावरची खूण पुरते.

ई-मेलच्या फिल्टरचे तत्त्व नेमके हेच आहे. आपल्यातल्या बऱ्याच गटांचे खाते जीमेलवर आहे, म्हणून तिथले सांगते. एखाद्या यादीचे पत्र उघडायचे, वरच्या तीन टिंबांच्या यादीतून ‘अशा पत्रांसाठी फिल्टर’ हा पर्याय घ्यायचा, आणि सांगायचे की या पत्त्यावरून येणारी पत्रे मुख्य पेटीत न येता अमुक लेबलाखाली जावीत. हा नियम संगणकावर, ब्राउझरमध्ये करावा. एकदा केला की फोनवरही लागू होतो. आधी आलेल्या पत्रांनाही तो लावायचा असेल तर तशी वेगळी खूण करावी लागते. ती राहिली की जुना ढीग तसाच राहतो, आणि मग बाया म्हणतात, फिल्टर चालत नाही.

नियम यादीच्या पत्त्यावर करावा, पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीच्या नावावर करू नये. यादीवर आज एक मैत्रीण लिहिते, उद्या दुसरी. यादीचा पत्ता तोच राहतो. आणि तीच मैत्रीण तुम्हाला एकटीला काही लिहील तेव्हा ते पत्र यादीबरोबर वाहून जाणार नाही, समोरच्या पेटीत राहील.

बरेच गट इथे उलटा विचार करतात. ‘छळ’, ‘मारहाण’, ‘तक्रार’ असे शब्द असलेली पत्रे वेगळी काढणारा नियम करू, म्हणजे पीडित बाईचे पत्र हाती लागेल, असे त्यांना वाटते. ते लागत नाही. बाई ‘छळ’ हा शब्द लिहीतच नाही. ती लिहिते, थोडं बोलायचं होतं. ती रोमन अक्षरांत लिहिते, शुद्धलेखन तिचे स्वतःचे असते, कधी विषयच लिहीत नाही. उलट ‘हिंसा’ हा शब्द प्रत्येक वार्तापत्रात दहादा येतो. म्हणून ज्यांचे रूप ठरलेले आहे, ज्यांना आपण ओळखतो, त्या पत्रांना नियमाने बाजूला करायचे. मग समोरच्या पेटीत जे उरते, ते अनोळखी माणसाचे असते. ते रोज, माणसाने, डोळ्यांनी वाचायचे. ते काम यंत्रावर सोपवू नका.

स्पॅमच्या कप्प्यातही आठवड्यातून एकदा डोकावा. जीमेल तिथली पत्रे तीस दिवसांनी आपोआप पुसून टाकते. अनोळखी पत्त्यावरचे, विषय नसलेले पत्र तिथे जाऊन पडणे मुळीच अशक्य नाही. आणि कुठल्याही नियमाला ‘पुसून टाक’ असे सांगू नका. जुने पत्र कधी लागेल हे आज कळत नाही. पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा मृत्यू पावली, त्या खटल्यात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुरावा म्हणून वाचली गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला सोडले. त्या निकालाविषयी आपल्यात पुष्कळ बोलून झाले आहे. पण तिचे म्हणणे न्यायालयापर्यंत पोचले ते कुणीतरी ती पत्रे ठेवली होती म्हणून.

आता नावांविषयी. लेबल लावणे म्हणजे ठरवणे. एकेकाळी बाई जळाली की पोलिसांच्या कागदावर ‘स्टोव्हचा भडका’ लिहिले जाई, आणि आपण भांडत होतो की नाव चूक आहे. आपल्या पेटीत मात्र ‘कौटुंबिक’, ‘किरकोळ’, ‘नंतर पाहू’ अशी लेबले मी पाहिली आहेत. ‘नंतर पाहू’ हे लेबल काढूनच टाका. आणि लेबलावर बाईचे नाव कधीही लिहू नका. नोंदवहीतला क्रमांक लिहा. खाते चौघीजणी उघडतात, फोन चार्जिंगला ठेवलेला असतो, पडद्यावर वरच्या ओळी कुणालाही दिसतात. उत्तर पाठवण्याआधीही थांबा: ज्या फोनवरून पत्र आले तो तिचा आहे, की मुलाचा, की नवऱ्याचा?

यावरून मूळ प्रश्नाकडे येते. कितीतरी गटांत पासवर्ड एखाद्या तरुण पोराकडे असतो, कारण ‘त्याला कॉम्प्युटरचं कळतं’. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबरही त्याचाच. पोरगा चांगला असेल, पण बायांची दुःखे सांगणारी पेटी उघडायची किल्ली त्याच्याकडे का? सूप-चाळणी हाती घेऊन धान्य निवडणारी, निसलेल्या तांदळातला खडा नेमका टिपणारी आपली बाई हे तीन टिंबांचे काम शिकू शकत नाही, असे कुणी म्हणू नये. पोलादपूरच्या एका बचतगटातली साठीची ताई दुपारभरात सहा नियम करून उठली. तिने विचारले ते एवढेच, की हे आधी का नाही दाखवलं?

ज्यांचा काहीच उपयोग नाही अशा जाहिरातींच्या याद्यांतून मात्र खुशाल बाहेर पडा. २०२४ पासून गूगलने मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे.

आमचे पत्रकही तुमच्या पेटीत येते आणि त्या ढिगात भर घालते. पुढच्या तिमाहीपासून त्याच्या विषयाच्या ओळीत पहिला शब्द ‘त्रैमासिक’ असेल, म्हणजे तुम्हाला त्यावर नियम करता येईल. तातडीच्या कामासाठी, म्हणजे जामीन, पंचनामा किंवा आजच लागणारी सही यासाठी, पहिला शब्द ‘तातडीचे’ असेल, आणि महिन्यातून दोनपेक्षा जास्त वेळा आम्ही तो वापरणार नाही. तुमच्या यादीवर अशी काही खूण ठरली असेल तर आम्हाला कळवा. पावसाळ्यात घाटाखाली वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा पोस्टकार्डानेही चालेल.