लाजेपेक्षा माहिती बरी



शरीराच्या काही भागांविषयी आपल्या घरात कोणी बोलत नाही. मग साधी गोष्टही भयंकर वाटते.

पुष्कळ पुरुषांच्या शिश्नाच्या टोकाभोवती, कडेने, एक-दोन मिलिमीटरचे मोत्यासारखे दाणे ओळीने असतात. ते वयात आल्यावर दिसतात व पुढे पुसट होतात. काहींच्या कातडीवर बारीक पिवळसर ठिपके असतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. तशाच ओठांवरही असतात. अमेरिकेच्या डॉक्टर फोर्डाइस यांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले.

हा रोग नव्हे. तो अस्वच्छतेने होत नाही, एकापासून दुसऱ्याला लागत नाही. म्हणून पत्नीने पतीवर संशय घेऊ नये. कोणी दाणे फोडू नयेत, चामखिळीचे औषध लावून कातडी जाळून घेऊ नये.

मात्र जखम, पाण्याचे फोड, दुखणे, पू किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या बेटावर सरकारी इस्पितळात त्याचे पैसे पडत नाहीत.

मुलाला सगळे शिकवणाऱ्या बापाने एवढेही सांगावे.