हमी डॉल्फिनची, सही कुणाची?

कोकणातल्या पुष्कळ किनाऱ्यांवर हल्ली रिक्षावाल्याच्याही आधी एक पाटी आपलं स्वागत करते : ‘डॉल्फिन दर्शन. न दिसल्यास पैसे परत.’ ही पाटी वाचून कुणाला आनंद होतो, कुणाला घासाघीस करायची हुक्की येते. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला ‘हमी’ हा शब्द दिसला, की त्याची नजर आधी खाली सही शोधते.

बी.कॉम.ला आम्हांला 1872 सालचा करार कायदा होता. त्यात हमीच्या कराराला तीन माणसं लागतात : धनको, ऋणको आणि जामीनदार. आता या पाटीचा हिशेब मांडा. पैसे देणारे आपण, घेणारा बोटवाला, आणि ज्याच्या जिवावर हा सगळा व्यवहार चाललाय तो डॉल्फिन. त्याची सही कुठाय? आमच्या शाखेत म्हैस घ्यायला कर्ज काढायचं म्हटलं तरी जामीनदाराचा फोटो, सातबारा आणि साक्षीदारासमोर सही लागते. इथं समुद्रातला एक जीव परस्पर जामीन राहून बसलाय आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही!

“तुम्ही परभणीचे. तुम्हांला समुद्राचं काय कळतं?” असं कुणी म्हणेल. कबूल. आमचा आणि अरबी समुद्राचा काडीचा संबंध नाही. आमच्याकडं पडलेला पाऊससुद्धा गोदावरीतून गंगाखेडवरून जो निघतो तो थेट बंगालच्या उपसागरात. कोकणाकडं ढुंकून बघत नाही. पण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोक सांगणाऱ्या गावचा मी माणूस. शिवाय गिऱ्हाईक म्हणून बोलायला समुद्रकाठी जन्माला यावं लागतं असा नियम कुठल्याही कायद्यात नाही.

बँकेची प्रवास सवलत घेऊन आम्ही सहकुटुंब देवबाग-तारकर्लीला तीन दिवस होतो आणि तिन्ही दिवस बोटीत बसलो. पहिल्या दिवशी लांबवर पाण्यात एक काळसर पाठ दिसली न दिसली, तोच चहूबाजूंनी दहा-बारा बोटी तिच्यावर तुटून पडल्या. जिल्हा कचेरीत साहेबांची गाडी शिरली की अर्ज घेऊन माणसं धावतात, तशा. “ओ भाऊ, जवळ घ्या की! कामून थांबलात?” आमच्या बोटीतून आरोळी उठली. बोटवाला म्हणाला, “काका, वाईच थांबा, दिसतलो.” पण थांबतंय कोण? पैसे परतीची अट आम्हांला तोंडपाठ होती. पाठ पुन्हा वर आली, बोटी पुन्हा धावल्या. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. बोटीतल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये फक्त शेजारच्या बोटीतले लोक आले.

आता जरा डॉल्फिनच्या बाजूनं खातं उघडा. हा मासा नव्हेच. आपल्यासारखा फुप्फुसानं श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा प्राणी. तो वर येतो तो आपल्याला दर्शन द्यायला नाही, श्वास घ्यायला येतो. म्हणजे आपण ज्या घटकेला बोट अंगावर घालतो, ती त्याची नाकपुडी उघडायची घटका. टोकन घेऊन काउंटरपाशी आलेल्या माणसाच्या नाकावर दर खेपेला खिडकी आपटावी, तसलाच प्रकार. त्यातून हा पाण्यात डोळ्यांपेक्षा कानांनी जगतो. आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासळी कुठं, पिल्लू कुठं, हे ताडायचं. दहा इंजिनांच्या धडधडाटात त्यानं काय ऐकावं? आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुधा पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. तो उथळ पाण्यातला, किनारा धरून राहणारा. खोल समुद्रात पळून जाणं त्याच्या स्वभावात नाही. आणि जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

यात मी बोटवाल्याला आरोपी करत नाही. पावसाळ्यात त्याची बोट किनाऱ्यावर झाकून पडलेली असते. उरलेल्या महिन्यांत डिझेल, दुरुस्ती आणि घर त्याला याच फेऱ्यांतून काढायचंय. प्राणी न दिसल्यास पैसे परत म्हटल्यावर तो पाठलाग करणार नाही तर काय आरती करणार? शेजारच्यानं पाटी लावली की यालाही लावावी लागते. खोट आहे ती आपल्या मागणीत. आपल्याला समुद्र नको असतो, वसुली हवी असते.

काहींची भूक तर डॉल्फिनवर भागत नाही, त्यांना देवमासा हवा असतो. आहे ना, आपल्याच समुद्रात आहे. 2015 च्या मे महिन्यात कुणकेश्वरजवळ संशोधकांना चक्क निळा देवमासा दिसला. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. पण आपल्या लोकांना त्याची भेट होते ती बहुतेक वेळा वाळूवर. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक किनाऱ्याला लागला आणि मेला. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत रुतलं. माणसांनी त्याच्यावर पाणी ओतलं, ओल्या फडक्यांनी झाकलं, शेवटी ओढत समुद्रात नेऊन सोडलं. तरी ते वाचलं नाही. हीच आपली माणसं. मरणाऱ्या देवमाशासाठी जागणारी आणि जिवंत डॉल्फिनच्या अंगावर इंजिन घालणारी. हा ताळेबंद मला काही केल्या जुळवता येत नाही.

“मग काय, एवढ्या लांबून येऊन हात हलवत परत जायचं?” आमच्या मेव्हण्यांचा सवाल. त्यांना मी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास दाखवतो. नाना फडणविसांचं गाव. तिथं पूर्वी कासवांची अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखली. आता लोक तिथं घरगुती खोलीत राहतात, मोदक खातात आणि पहाटे किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडं गुपचूप उभे राहतात. टोपली उचलली आणि पिल्लं निघाली असली तर ती तुरुतुरु समुद्राकडं जाताना दिसतात; नसली तर संध्याकाळी पुन्हा यायचं. कासव कुणाला हमी देत नाही. तरी गावाला चार पैसे मिळतात आणि कासवालाही समुद्र मिळतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ती पाटी उतरवा. त्या जागी लिहा : ‘समुद्रात दोन तास. दिसलं ते तुमचं नशीब. पैसे परत मिळणार नाहीत.’ एका वेळी दोन-तीनच बोटी, त्याही लांब उभ्या, इंजिन बंद. कळपाच्या मधून जायचं नाही, पिल्लू बरोबर असेल तर मागं फिरायचं. आणि आपण गिऱ्हाइकांनी ठरलेले पैसे मुकाट्यानं द्यायचे, पाठ दिसो वा न दिसो. बोटवाल्याला खात्रीचं भाडं मिळालं, की तो आपण होऊन इंजिन बंद करील. धावायची हौस त्यालाही नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोटवाल्याला पैसे आधीच देऊन टाकले आणि म्हणालो, “नाही दिसला तरी चालंल, बंद करा ते यंत्र.” तो आधी माझ्याकडं, मग बायकोकडं बघत राहिला. पाऊण तास नुसतं पाणी, वर एक समुद्रगरुड. मुलगा कंटाळला. मग डावीकडं फूस्स करून श्वासाचा आवाज आला, आणि काही वेळानं आणखी एक, लहानसा. फोटो एकही नाही. मेव्हण्यांना अजून ते खरं वाटत नाही.

परभणीचा माणूस आहे मी. मृग कोरडा गेला तर आर्द्रा, आर्द्रा गेली तर पुनर्वसू, असं आभाळाकडं बघत आमचा अख्खा जिल्हा बसतो, आणि न पडल्यास पैसे परत असं ढगाला कुणी म्हणत नाही. तेव्हा एका डॉल्फिनसाठी पाऊण तास बसायला आम्हांला काय धाड भरलीय?