ताटासाठी दाखला नको

शाळेत मुलाला दुपारचे अन्न मिळते ते कोणाच्या दयेने नव्हे, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना तो हक्कच दिला. त्यात बापाचे उत्पन्न विचारलेले नाही. शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो. ताटाला लागत नाही. गरिबाचे मूल वेगळ्या पंगतीत बसत नाही, यातच या कायद्याची थोरवी आहे.

परंतु अन्न शिजते ते हजेरीच्या आकड्यावर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. मुलाचे नाव गावच्या पटावर राहते आणि मूल फडाजवळच्या कोपीत. गावच्या शाळेने त्याला हजर दाखवले तर आकडा खोटा. गैरहजर दाखवले तर आकडा खरा, पण मूल ताटाविनाच!

यावर उपाय कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, शाळा सोडल्याचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मूल आले त्याच दिवशी कारखान्याजवळच्या शाळेने त्याला पटावर घेतले पाहिजे.

वाचकहो, मुकादमाची उचल फेडावयास निघालेल्या आईबापांना एवढे अवश्य सांगा : मुलाचा हक्क गावी ठेवून जाऊ नका. तेथील शाळेत जा आणि ताठ मानेने नाव लिहवून घ्या. हे मागणे भिकेचे नव्हे, कायद्याचे आहे.