भूक लागली की खाईल

हे वाक्य मी आता मांजराच्या बाबतीत कुणाच्याही तोंडून ऐकून घेणार नाही. पोरांच्या बाबतीत एक वेळ ठीक आहे. आजीने आम्हा सगळ्या भावंडांना याच मंत्रावर दुधी भोपळा खायला लावला आणि आम्ही काही मेलो नाही. पण मांजराच्या बाबतीत हा शुद्ध अडाणीपणा आहे. नातेवाईकांनो, रागवायचं तर रागवा. अडाण्यांच्या यादीत पहिलं नाव माझंच आहे.

आमचा गुंड्या तुम्हाला माहीत आहेच. साडेसहा किलोचा बोका. आम्ही घर बदललं आणि त्याने जेवण टाकलं. "नाटकं करतोय", "लाडावून ठेवलाय" वगैरे झालं. आत्या म्हणाली, "अगं, भूक लागली की खाईल, जातोय कुठे!" पहिला दिवस खोकी उघडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे बांगडा ठेवला, त्याने हुंगून तोंड फिरवलं आणि आम्ही हसलो. मी फोटोसुद्धा काढला. पाचव्या दिवशी त्याच्या कानाची आतली कातडी पिवळी दिसली.

कावीळ. डॉक्टरांनी जे समजावलं ते इथे लिहितेच, कारण पोस्ट त्यासाठीच आहे. मांजर उपाशी राहिलं की शरीर अंगावरची चरबी काढून यकृताकडे पाठवतं. मांजराच्या यकृताला एवढी चरबी निस्तरता येत नाही. ती तिथेच साठते, यकृत बिघडतं, त्याने मळमळतं, मळमळलं की मांजर आणखी खात नाही. म्हणजे भूक लागली की खाईल हे तर सोडाच, न खाल्ल्यामुळेच भूक मरते! आणि धोका सगळ्यात जास्त जाड्या मांजरांना. "अंगावर चरबी आहे, काढेल दोन दिवस" असं आपण म्हणतो ना, ते नेमकं उलटं आहे. मांजराला एकादशी सोसत नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. बस्स.

याच्यावर मुख्य औषध म्हणजे अन्नच, पण ते नळीतून. गुंड्याच्या मानेतून नळी घातली होती. पाच आठवडे दिवसातून चार-पाच वेळा पातळ केलेलं खाणं पिचकारीने हळूहळू आत सोडायचं. रात्री अकराचा डोस माझ्याकडे असायचा. तो माझ्याकडे बघत बसायचा, आणि मला तो फोटो आठवायचा.

माझं भांडण खरं तर 'नखरे' या शब्दाशी आहे. मांजर काही विचित्र खायला लागलं, किंवा खायचं थांबलं, की आपण हा शब्द फेकतो आणि मोकळे होतो. मैत्रिणीची मांजरी भिंतीचा चुना आणि कुंडीतली माती चाटायची. सगळ्यांना गंमत. तपासलं तर अंगात रक्तच नव्हतं, पिसवांनी शोषून घेतलेलं. (गवत खाणं वेगळं हं, ते बहुतेक मांजरं करतात.) काही मांजरं लोकर चघळतात, काही प्लास्टिकच्या पिशव्या. दोरा गिळला तर आतडी त्यावर चुणीसारखी गोळा होतात आणि कापली जातात. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर कृपा करून ओढू नका, तसेच डॉक्टरांकडे पळा. आणि म्हातारं मांजर अचानक खा-खा करायला लागलं आणि तरी वाळत चाललं, तर "या वयातही भूक बघा" असं कौतुक करू नका. थायरॉईड किंवा मधुमेह असू शकतो.

आता शाकाहाराचं. "आमचं मांजरसुद्धा शाकाहारी आहे" हे मी किती घरांत अभिमानाने सांगितलेलं ऐकलंय! दूध-पोळी, दहीभात. "वाड्यातली मांजरं दूध-पोळीवरच वाढली ना?" नाही हो काका. ती उंदरांवर वाढली. दूध-पोळी हा तुमच्याकडचा चहा-बिस्किटाचा कार्यक्रम होता. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर कुठून आणणार? मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना टॉरिन लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि डाळ-तांदळातून मिळत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय फुगून निकामी होत होतं. आणि ती मांजरं विकतचं, चांगलं म्हणवणारं खाणं खात होती. तुमच्या दहीभाताची काय कथा! तुम्ही खुशाल शाकाहारी राहा, मीही श्रावण पाळते. पण तुमचं पुण्य मांजराच्या हृदयातून वसूल करू नका. आणि दूध? बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतच नाही. डोळे मिटून पितं म्हणून काय झालं, नंतरची घाण आपणच पुसतो ना.

असो. गुंड्या आता साडेपाच किलोंवर आहे. मानेवर नळीच्या जागी केस जरा वेगळे उगवलेत, एवढंच.

आत्या, गणपतीला येशील तेव्हा पेढे नक्की आण, पण त्याला भरवू नकोस. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेने त्याचं कारण त्यांच्या जनुकात शोधून काढलंय. त्याच्या वाटचे मी खाईन.