घोकंपट्टीतला भैरव

तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत गल्लोगल्ली संगीताचे वर्ग निघालेत, याचा मला अजिबात आनंद नाही. परीक्षेला बसलेल्या पोराला भैरव विचारा. धडाधड उत्तर येतं: रे, ध कोमल, वादी धैवत, संवादी रिषभ, गानसमय प्रातःकाळ. धैवताला संवादी रिषभच का, असं विचारलं की पोरगं गुरुजींकडे बघतं आणि गुरुजी घड्याळाकडे.

अहो, उत्तर पेटीवर उघडं पडलंय! सा रे ग म हा एक तुकडा, प ध नि सां हा दुसरा. भैरवात दोन्हींची चाल एकच: एक पट्टी, मग तीन, मग एक. खाली कोमल रिषभ जिथे बसतो, वर नेमका तिथेच कोमल धैवत. म्हणून त्यांचा संवाद. पेटीचा कोमल रिषभ म्हणजे भैरवाचा आंदोलित रिषभ नव्हे, तो गळ्यानेच लावावा लागतो, हे मान्य. पण नातं तर दाखवाल?

पांढरी दोनला सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा. काफी थाट होतो. चढताना अंतरांचा जो क्रम, उतरताना तोच. बिलावलचा क्रम उलटा केला की भैरवी, खमाजचा केला की आसावरी. भातखंड्यांचे दहा थाट आपण पाढ्यांसारखे घोकले आणि त्यांच्यातलं हे नातं मुलांपासून लपवलं.

‘गाणं म्हणजे गणित नव्हे’ ही आळशी शिक्षकांची पळवाट आहे. सगळी अंतरं सारखी केली तर काय होतं, तेही वाजवून दाखवा. दोन-दोन पट्ट्यांनी सहाच स्वर मिळतात. पंचम गेला, शुद्ध मध्यम गेला, शुद्ध निषादही गेला. तंबोऱ्याची पहिली तार लावायची कशाला? कुठल्याही स्वराला सा म्हणा, मूर्च्छना तीच. फ्रान्सच्या देब्युसीने या अधांतरीपणातून संगीत उभं केलं, मेसियाँने १९४४च्या पुस्तकात अशा स्वरसमूहांची मांडणी केली. आपल्या रागाला मात्र सा सोडून चालत नाही. हे एकदा कानाने कळलं की भैरवाचा तोल मुलाला जन्मभर पुरतो.

आमच्याकडे कार्तिकात काकड्याला पेटी धरणाऱ्या बुवांनी एकही परीक्षा दिलेली नाही. पोराचा धैवत चढला की ते भाता थांबवतात, सा-रे गाऊन दाखवतात आणि म्हणतात, “आता पंचमाला सा समज न् तस्संच वर घे.” पोराचा स्वर जागेवर येतो.

रागाची माहिती लिहा, हा प्रश्न परीक्षेतून काढून टाका. मुलापुढे पेटी ठेवा, थाट उलटा वाजवायला सांगा आणि काय निघालं ते विचारा. ज्या शिक्षकाला हे शिकवता येत नाही, त्याने मुलांची फी घेऊ नये.